टाके कळंबला, सर्जन सीमेपलीकडे

साथीच्या काळात शस्त्रक्रियेच्या बाह्यरुग्णांसाठी दूरवैद्यकाचा उपयोग कुठवर झाला आणि कुठे थांबला

मांजरा नदीच्या काठी वसलेले कळंब हे धाराशिव जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्याचे गाव. नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न आला की इथला माणूस पूर्वापार चार दिशांपैकी एक दिशा धरतो. दक्षिणेला जिल्ह्याचे ठिकाण, पूर्वेला लातूर, ईशान्येला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि नैर्ऋत्येला बार्शी. अंतर कुठेही पन्नास ते सत्तर किलोमीटरच्या घरातले. यातली मेख अशी, की चारपैकी तीन ठिकाणे दुसऱ्या जिल्ह्यांत मोडतात. लातूर हा स्वतंत्र जिल्हा, अंबाजोगाई बीडमध्ये, तर बार्शी सोलापुरात. एरवी ही सीमा कोणाच्या ध्यानातही येत नाही. एसटीत बसलेल्या प्रवाशाला जिल्हा कधी बदलला हे रस्त्याकडेच्या पाटीवरूनच कळते.

२३ मार्च २०२० रोजी राज्य शासनाने संचारबंदी लागू करून जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि ही पाटी एकाएकी महत्त्वाची ठरली. दोनच दिवसांनी देशभर टाळेबंदी आली. (तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले.) आंतरजिल्हा प्रवासासाठी पोलिसांचा ई-पास आवश्यक झाला. ती अट सप्टेंबर २०२० च्या आरंभी उठली आणि दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, पुन्हा आली. वैद्यकीय तातडीला मुभा होतीच. मात्र तातडी म्हणजे काय? छातीत कळ आलेला रुग्ण नाक्यावर कोणी अडवणार नाही. पण हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झाले आहेत, टाके काढायचे आहेत; किंवा सिझेरियनच्या जखमेतून थोडे पाणी येते आहे, ते दाखवायचे आहे, ही तातडी की नाही? नियमाच्या कागदावर या प्रश्नाला उत्तर नव्हते. दूरवैद्यक, म्हणजे दूरध्वनी, व्हिडिओ वा संदेशांच्या साहाय्याने दुरून दिलेला वैद्यकीय सल्ला, याच पोकळीत शिरले.

शस्त्रक्रिया म्हटले की डोळ्यांपुढे शस्त्रक्रियागृह उभे राहते. प्रत्यक्षात सर्जनच्या कामाचा मोठा भाग त्याच्या बाहेर, बाह्यरुग्ण विभागात होत असतो. कोणाला शस्त्रक्रिया हवी आणि कोणाला नको, हवी तर आज की दोन महिन्यांनी, भूल देण्याइतकी प्रकृती आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या. आणि नंतर जखम, टाके, नळी, ड्रेसिंग, दुखणे, शेतात परत कधी जायचे. यातील पुष्कळसा भाग बोलण्याचा आणि पाहण्याचा असतो, काही भाग मात्र हात लावल्याखेरीज होतच नाही. साथीच्या काळात दूरवैद्यकाचा जो काही उपयोग झाला तो पहिल्या भागात आणि जे काही फसले ते दुसऱ्या भागात, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

थांबलेल्या शस्त्रक्रिया

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजीच रुग्णालयांना सूचना दिली, की तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात. खाटा, प्राणवायू, मनुष्यबळ राखून ठेवणे हा एक हेतू होता. दुसरे कारण त्याहून गंभीर होते, ते काही आठवड्यांत आकड्यांनी पुढे आले. ‘कोविडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय संशोधक-समूहाने २४ देशांतील २३५ रुग्णालयांमधल्या १,१२८ रुग्णांची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये मे २०२० मध्ये प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाचा संसर्ग झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाचे विकार जडले आणि ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले. याच समूहाच्या अंदाजानुसार साथीच्या ऐन भरातील १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा लांबल्या.

लांबलेली शस्त्रक्रिया म्हणजे टळलेला आजार नव्हे. पित्ताशयातले खडे टाळेबंदी पाळत नाहीत. हर्निया अडकायचा तो अडकतोच. कर्करोगाची गाठ तर वाढतच जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने म्हणूनच वेगळी वाट धरली आणि २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या. त्यांत एकही मृत्यू झाला नाही. तथापि त्या रुग्णालयाजवळ असलेली साधने आणि शिस्त सगळीकडे असणे शक्य नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी खरा प्रश्न निवडीचा होता: थांबू शकणारा रुग्ण कोणता आणि न थांबणारा कोणता? ही निवड रुग्णाला सत्तर किलोमीटर बोलावून करायची, की फोनवरून?

पुढे, मार्च २०२१ मध्ये, याच संशोधकांनी ११६ देशांतील १ लाख ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून सांगितले, की कोरोना होऊन गेल्यावर नियोजित शस्त्रक्रिया शक्यतो किमान सात आठवडे लांबवावी. हा निष्कर्ष हाती आल्यावर फोनवरील एका साध्या प्रश्नाला, ‘तुम्हाला कोरोना कधी होऊन गेला?’ याला, वैद्यकीय वजन आले. तारीख ऐकूनच काही रुग्णांची फेरी वाचवता येऊ लागली.

रत्नागिरीची सावली

फोनवरून उपचार सांगणे हे आपल्याकडे नवे नाही. ओळखीच्या डॉक्टरांना रात्री फोन लावून ‘कोणती गोळी देऊ’ असे विचारणारी घरे शहरातही हजारोंनी आहेत. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा सारा व्यवहार धूसर होता, आणि तो धोकादायक ठरू शकतो हे २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणाने दाखवून दिले. प्रसूतीची शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या महिलेची प्रकृती बिघडली, तिला पुन्हा त्याच रुग्णालयात आणले गेले. डॉक्टर गावाबाहेर होते आणि दूरध्वनीवरून सूचना देत होते. ती महिला दगावली. अटकपूर्व जामिनाच्या अर्जावर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने २५ जुलै २०१८ रोजी तो फेटाळला. निदान न करता औषध सांगणे हा गुन्हेगारी स्वरूपाचा निष्काळजीपणा ठरतो, असे मत न्यायालयाने नोंदवले. हा निर्णय जामिनापुरता होता, दोषी ठरवणारा नव्हता. पण वैद्यकीय वर्तुळात त्याचा अर्थ ‘फोनवर बोलाल तर अडकाल’ असाच घेतला गेला.

प्रकरण शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचेच होते, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेला रुग्ण हा दूरध्वनीवरच्या सल्ल्यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो, कारण डॉक्टर त्याला ओळखतात, आजार ठाऊक असतो. आणि सर्वांत फसवाही तोच असतो, कारण त्याच्यात अचानक उद्भवणारी गुंतागुंत जुन्या आजाराच्या ओळखीने कळत नाही.

या पार्श्वभूमीवर २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या प्रशासक मंडळाने ती नीती आयोगाच्या साहाय्याने तयार केली होती आणि २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांना ती परिशिष्ट म्हणून जोडण्यात आली. वर्षानुवर्षे रखडलेला प्रश्न साथीने एका दिवसात निकाली काढला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्यातील शस्त्रक्रियेच्या रुग्णाला लागू पडणाऱ्या तरतुदी सामान्य वाचकानेही जाणून घ्याव्यात अशा आहेत. नोंदणीकृत डॉक्टर देशात कोठूनही, कोठल्याही राज्यातील रुग्णाला सल्ला देऊ शकतो. जिल्ह्याची सीमा बंद असली तरी सल्ल्याला ती नाही. सल्ला व्हिडिओवर, नुसत्या आवाजावर किंवा लेखी संदेश व छायाचित्रांवरूनही देता येतो. रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. डॉक्टरने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने साधला तर ती स्पष्टपणे घेऊन नोंदवावी लागते. पहिला सल्ला आणि पाठपुराव्याचा सल्ला यांत फरक केलेला आहे. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी घेतलेला सल्ला हा पाठपुरावा समजला जातो आणि त्यात औषधे सांगण्याची मुभा अधिक असते. मात्र मूळ आजाराशी संबंध नसलेले नवे लक्षण उद्भवले तर तो पाठपुरावा राहत नाही. सर्जनच्या दृष्टीने ही ओळ सर्वांत मोलाची. जखमेची चौकशी करायला फोन केलेल्या रुग्णाची पोटरी सुजली असेल, तर ती गोष्ट ‘मागचेच पुढे’ म्हणून चालत नाही.

आणखी दोन गोष्टी. पहिली म्हणजे, दूरस्थ यंत्रणेद्वारे प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणे या तत्त्वांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. येथे केवळ सल्ल्याचाच विचार आहे. दुसरी औषधांची. अंमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालील औषधे दूरवैद्यकातून लिहून देता येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी सर्रास वापरले जाणारे ट्रामाडॉल २०१८ मध्ये या कायद्याच्या यादीत गेले. त्यामुळे ज्याचे दुखणे पॅरासिटामॉलने भागत नाही अशा रुग्णापुढे फोनवरील सर्जनचे हात बांधलेलेच राहिले. बंधन योग्य आहे. त्या औषधाचा दुरुपयोग मोठा आहे. पण घरी कण्हत पडलेल्या माणसाला ते समजावून सांगणे सोपे नसते.

उपग्रहापासून खिशातल्या फोनपर्यंत

तंत्रज्ञानाची गोष्ट साथीच्या वीस वर्षे आधी सुरू होते. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा या खेड्यात मार्च २००० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते अपोलो समूहाच्या दूरवैद्यक केंद्राचे उद्घाटन झाले. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्यास आरंभ केला. महाराष्ट्रात त्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचे केईएम रुग्णालय केंद्रस्थानी ठेवून जिल्हा रुग्णालये जोडण्यात आली. पहिल्या पाचांत लातूर आणि बीड हे कळंबचे दोन्ही शेजारी होते.

या यंत्रणेने तज्ज्ञाचे मत जिल्ह्यापर्यंत आणले, हे तिचे श्रेय. परंतु ती खोलीत बसवलेली यंत्रणा होती. रुग्णाला आधी जिल्हा रुग्णालयात जावे लागे, वेळ ठरवावी लागे, मग पडद्यावर मुंबईचे तज्ज्ञ दिसत. कळंब तालुक्यातल्या एखाद्या गावातून लातूरला जाऊन मुंबईचा सल्ला घेणाऱ्याचा प्रवास काही वाचत नव्हता. नेमका तोच, घर ते लातूर हा पल्ला, २०२० मध्ये बंद झाला. आणि तो फोडला तो उपग्रहाने नव्हे, तर स्वस्त झालेल्या इंटरनेटने व जवळजवळ प्रत्येक घरात पोचलेल्या एखाद्या कॅमेऱ्याच्या मोबाइलने.

शासनाची ‘ई-संजीवनी’ ही सेवा मोहालीच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केली. आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी जोडणारे तिचे रूप नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाले होते. रुग्णाला घरबसल्या थेट डॉक्टरशी बोलता येईल अशी ‘ई-संजीवनी ओपीडी’ १३ एप्रिल २०२० रोजी आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात या सेवेवरील सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. हा आकडा मोठा आहे, पण तो सर्व आजारांचा मिळून आहे हे विसरता कामा नये. सर्दी-तापाचा सल्ला आणि पोटावरील जखमेचा सल्ला एका तागडीत तोलता येत नाहीत.

डोळ्याला दिसते ते आणि हाताला लागते ते

समजा, कळंबजवळच्या एखाद्या गावातील पन्नाशीच्या शेतकऱ्याला जांघेत फुगवटा आला आहे. व्हिडिओवर सर्जन त्याला उभे राहून खोकायला सांगतो. फुगवटा बाहेर येतो, आडवे झाल्यावर आत जातो. हर्नियाचा अंदाज बांधायला एवढे पुरते आणि तो थांबू शकतो हेही बहुधा ठरवता येते. त्याला सांगायचे इतकेच, की फुगवटा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर फोन करण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पित्ताशयातील खड्यांचेही तसेच. दुखण्याची हकीकत आणि सोनोग्राफीच्या अहवालाचे छायाचित्र यांवरून क्रम लावता येतो.

याउलट स्तनातील गाठ. फोनवर तिचे वर्णन कितीही नेमके केले तरी तो सल्ला निरुपयोगीच ठरतो. गाठ हाताला कशी लागते, काखेत काही आहे का, हे पाहावे लागते, आणि तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही. ‘काही नसेल, टाळेबंदी उठल्यावर या’ असा दिलासा येथे घातक ठरू शकतो. शौचावाटे रक्त जाणाऱ्या रुग्णाचे प्रकरण याहून नाजूक. संकोचामुळे फोनवरचा सल्ला त्याला हवासाच वाटतो, तो स्वतःच ‘मूळव्याध’ असे निदान सांगून मोकळा होतो. आणि बोटाने तपासणी न केल्यामुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग महिनोन्महिने मूळव्याध म्हणून राहू शकतो. पोट दुखते आहे ते अपेंडिक्समुळे का, हेही पोटावर हात ठेवल्यावरच कळते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या, रुग्णांवर नाक, सायनस, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्यांचा पाठपुरावा दुर्बिणीने नाकात पाहूनच होतो. तिथे मोबाइलचा कॅमेरा काय करणार?

शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेचे पारडे मात्र दूरवैद्यकाच्या बाजूने झुकते. जखमेतील संसर्ग पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावर, पहिल्या आठवड्याच्या शेवटी वा त्यानंतर, डोके वर काढतो. म्हणूनच तज्ज्ञ जखमेवर ३० दिवस लक्ष ठेवायला सांगतात. रुग्णालयात दिवसच कमी काढायचे असतील, तर जखमेवरची नजर घरापर्यंत न्यावीच लागते. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात हर्निया आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांनंतर केवळ दूरध्वनीवर पाठपुरावा करण्याचा प्रयोग २०१३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. बहुसंख्य रुग्णांना तेवढे पुरले, त्यांनी पुन्हा रुग्णालयात येण्याची गरजच मानली नाही.

छायाचित्राला मर्यादा आहेत. आपल्याकडच्या सावळ्या कांतीवर लाली स्पष्ट दिसत नाही. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रात निरोगी जखमही पिकल्यासारखी भासते. जखमेभोवतीचा कठीणपणा, ऊब, दुर्गंधी यांपैकी काहीच त्यात उतरत नाही. म्हणून छायाचित्राबरोबर प्रश्न हवेत. ताप आहे का, दुखणे तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढते आहे का, पट्टीवरचा डाग कोणत्या रंगाचा, बोटाने दाबल्यावर आजूबाजूचा भाग गरम लागतो का? छायाचित्र दिवसाच्या उजेडात, एक जवळून व एक जरा लांबून, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून काढलेले बरे, म्हणजे कालच्याशी आजची तुलना करता येते. आणि ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर नव्हे, फक्त डॉक्टरांनाच पाठवावे, हे सांगावे लागते ही आपल्याकडची स्थिती आहे.

टाके काढणे ही शेवटी हाताचीच गोष्ट. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच-सात दिवसांत, पोटावरचे सात ते दहा दिवसांत, हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांत काढले जातात. ते काढायला शस्त्रक्रिया करणारा सर्जनच लागतो असे नाही. उपजिल्हा रुग्णालयातील किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका ते काम उत्तम करते. साथीच्या काळात जगभर सर्जनना एक साधी शिफारस करण्यात आली होती. जमेल तिथे विरघळणारे टाके घाला, म्हणजे रुग्णाची एक फेरी आपोआप वाचेल. दूरवैद्यकाच्या चर्चेत धाग्याची निवड कोणी काढत नाही, पण तिने वाचवलेले किलोमीटर मोजले तर व्हिडिओ कॉलपेक्षा कमी भरू नयेत.

फोन कोणाच्या हातात?

२०१९ मध्ये, साथीच्या तोंडावर, झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्के आढळले, पुरुषांचे सुमारे ६१ टक्के. ग्रामीण स्त्रियांत ते चौथ्या हिश्श्याच्या आसपासच होते. याच पाहणीनुसार राज्यातील प्रसूतींपैकी २५.४ टक्के सिझेरियनने झाल्या होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अडचण उघडी पडते. पोटावर ताजी जखम असलेल्यांत बाळंतिणींची संख्या मोठी, आणि कॅमेऱ्याचा फोन असतो तो नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या खिशात. ओटीपोटावरच्या जखमेचे छायाचित्र कोणी काढायचे, कोणी पाठवायचे आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर कोणी द्यायचे? ‘तिला आता बरे आहे’ असे तिच्या वतीने सांगणारा पुरुष हा वैद्यकीय पुरावा नव्हे.

मार्गदर्शक तत्त्वांनी यावर तोडगा सुचवलेला आहे, तो म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये आरोग्य कर्मचारी. परिचारिका, आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसते, ताप-नाडी-रक्तदाब मोजते, जखम दाखवते, डॉक्टरांनी सांगितले तिथे हात लावून पाहते. सर्जनचा हात पोचत नाही तिथे हा दुसरा हात पोचतो. आफ्रिकेतील रवांडा देशात किरेहे जिल्ह्यात हाच मार्ग चोखाळला गेला. सिझेरियन झालेल्या स्त्रियांच्या घरी आरोग्यसेवक जातात, ठरलेले प्रश्न विचारतात, जखमेचे छायाचित्र फोनवर घेऊन पाठवतात. तेथील डोंगर आणि आपला माळरान यांत फरक असला तरी रुग्णालयापासूनचे अंतर दोन्हीकडे सारखेच जाचक आहे.

आपल्याकडे आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जातेच. प्रसूतीनंतरच्या भेटी हा तिच्या कामाचाच भाग आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, त्याच्यापाशी ई-संजीवनीची जोडणी आहे. म्हणजे यंत्रणेचे सुटे भाग गावात हजर आहेत. परंतु साथीत याच मंडळींना घरोघरी ताप मोजण्याच्या, विलगीकरणाच्या, पुढे लसीकरणाच्या कामाला जुंपण्यात आले. जखमेकडे पाहायला त्यांच्याजवळ वेळ उरला नाही, हा त्यांचा दोष म्हणता येत नाही.

पलीकडच्या टोकाला पाहिले तर सर्जनही मुबलक नाहीत. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण भागातल्या समूह आरोग्य केंद्रांत, ज्यांना आपण ग्रामीण रुग्णालये म्हणतो, गरजेच्या तुलनेत सर्जनची ८३.२ टक्के कमतरता होती. उस्मानाबादचा समावेश नीती आयोगाने २०१८ मध्येच विकासात मागे राहिलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केलेला होता. धाराशिव येथे २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने निदान एक दिशा सीमेच्या आतली झाली आहे. दूरवैद्यकाने सर्जन निर्माण होत नाहीत. आहेत त्यांचा वेळ फक्त नीट वाटला जातो.

खर्चाची बाजू थोडक्यात. फोनवरील सल्ल्यालाही डॉक्टर प्रत्यक्ष तपासणीइतके शुल्क घेऊ शकतात आणि त्याची पावती देणे त्यांना बंधनकारक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जी २०२० मध्ये राज्यातील सर्व नागरिकांना खुली करण्यात आली, शस्त्रक्रियेच्या ठरीव रकमेतच घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांची काळजी, गुंतागुंत झाल्यास तिच्यासह, समाविष्ट असते. जखम बिघडण्याचा काळही साधारण तोच. म्हणजे या दहा दिवसांत जखमेची विचारपूस करणे ही रुग्णालयाने करायची मेहेरबानी नसून त्याच्या कामाचाच भाग आहे; ती फोनवर करायची की प्रत्यक्ष, एवढाच प्रश्न उरतो.

आज सीमा खुल्या आहेत, ई-पास इतिहासजमा झाला आहे. २०२० ची तत्त्वे मात्र साथीपुरती नव्हती. त्यांचा लाभ घ्यायचा असेल तर त्याची सुरुवात फोनपासून नव्हे, रुग्णालय सोडण्याच्या दिवशी हाती पडणाऱ्या कार्डापासून होते. कोणती शस्त्रक्रिया झाली, टाके विरघळणारे आहेत की काढायचे, काढायचे तर कोणत्या तारखेला आणि ते कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात चालतील का, नळी असेल तर रोज किती पाणी आले ते कुठे लिहायचे, कोणती लक्षणे दिसली की फोन न करता निघायचे आणि एरवी फोन कोणत्या क्रमांकावर, किती वाजता करायचा, एवढे त्यावर मराठीत लिहून मागावे. घाईच्या दिवशी कार्डावर शिक्का, सही आणि ‘आठ दिवसांनी दाखवणे’ इतकेच येते.